पुढच्या सीटचा कप्तान

माझा स्वभाव पाण्यात पडण्याचा नाही. विमा कंपनीत मी दाव्यांच्या टेबलावर बसतो आणि लोक कशाकशात पडून हातपाय मोडून घेतात, याचे कागद रोज वाचतो. (इतकी वर्षं वाचल्यावर माणूस जिनासुद्धा कठडा धरून उतरतो.) असं असूनही एके दिवशी जेवताना मी जाहीर केलं, "यंदा तळ्यावर आपण कयाकमधून मासे पकडायचे."

बायकोनं ताटातून मान वर केली. "आपण म्हणजे कोण?"

"तू आणि मी. दोन सीटची कयाक तिथे भाड्यानं मिळते. वल्ही आपली नेऊ."

"अहो, तुम्हाला बादलीतलं पाणी सांडल्याशिवाय नेता येत नाही."

मोठ्या कामाला निघताना घरच्यांचे असे टोमणे गिळावेच लागतात.

खरं कारण वेगळंच होतं. दर सुट्टीत तिच्या माहेरची मंडळी तळ्याकाठच्या बंगल्यात जमतात. माझा मेहुणा पहाटे पाण्यावर जातो, मासे घेऊन येतो आणि आमचे सासरे त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "शाब्बास!" सासरे बंदरावरून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी मोठमोठी जहाजं धक्क्याला लावली. कौतुकाच्या बाबतीत हात फार आखडता. लग्न झाल्यापासून मला त्यांनी एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. मला ती शाब्बासकी हवी होती. वय झालं म्हणून काय झालं, हवी होती!

तेव्हा आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "कयाक किती रुंद आहे? सीट उंच आहे की खाली? तुमची उंची किती?"

"वल्हं घ्यायचंय हो, सदरा नाही," मी म्हणालो.

"त्यावरूनच लांबी ठरते, साहेब. रुंद नावेला लांब, अरुंद नावेला आखूड. मासेमारीला फार जड नको, दिवसभर हात भरून येतात."

हे सगळं बायको मन लावून ऐकत होती. मी मात्र तोवर भिंतीवरचं सर्वात लांब वल्हं उतरवलं होतं. पाती लालभडक. हातात घेतल्याबरोबर मला आपण कोणीतरी असल्यासारखं वाटलं.

"हे फार लांब होईल," दुकानदार म्हणाला.

"असू दे. लांबलचक हात मारीन."

बायकोनं स्वतःसाठी मोजूनमापून एक साधं, हलकं वल्हं घेतलं. मग दोघांना अंगाबरोबर बसतील अशी लाइफ जॅकेटं घेतली आणि दुकानदाराशी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलली. मी तेव्हा आरशात वल्ह्यासकट स्वतःला बघत होतो.

घरी आल्यावर सोफ्यावर बसून सराव सुरू केला. पहिल्या हाताला दिव्याची काच गेली. दुसऱ्या हाताला मागून कोणीतरी किंचाळलं. ती आमची शेजारीण होती. विरजण मागायला आली होती, ती ते न घेताच गेली. तेव्हापासून ती आमच्याकडे येण्याआधी फोन करते.

शेवटी तो दिवस उजाडला. तळ्याच्या धक्क्यावर सासरे खुर्ची टाकून, दुर्बीण घेऊन बसलेले. मेहुणा आपल्या एकट्याच्या कयाकमधून केव्हाच पुढे गेला होता.

"पुढे कोण बसणार?" बायकोनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं? कप्तान पुढेच बसतो."

"बरं," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझं एवढ्या पटकन ऐकते, तेव्हा खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

निघालो. काय सांगू, नाव माझ्या हुकमात होती! मी ओरडायचो, "डावीकडे!" आणि नाव डावीकडे वळायची. कधी मी "डावीकडे" म्हटलं, की ती उजवीकडे वळायची, पण डावीकडे नेमका खडक असायचा, तेव्हा माझ्या मनात उजवीकडेच असणार. मध्येच माझं लांब वल्हं मागे कशावर तरी आपटायचं आणि मागून "आई गं!" असं ऐकू यायचं. मी समजावलं, "ताल धर, ताल!"

गळ टाकला. बराच वेळ काही नाही. मग जागा बदलावी म्हणून आम्ही पुन्हा वल्हवू लागलो आणि एकाएकी नाव मागे खेचली गेली.

"अडकलो!" मी ओरडलो. "खडकात अडकलो!"

"अहो, थांबा! वल्हं थांबवा!"

"घाबरू नकोस! मी आहे!"

"तुम्ही आहात म्हणूनच सांगतेय, थांबा!"

"असं कच खाऊन कसं चालेल? जोर लाव!"

"अहो, मासा आहे! माझ्या गळाला मासा लागलाय!"

मी मान वळवून पाहिलं. हिनं जाता जाता मागे गळ सोडून ठेवला होता. काठी पार वाकली होती, आणि मी सगळा जीव एकवटून त्या माशाशी रस्सीखेच करत होतो.

"आता सांगते तसं करा," ती म्हणाली. "काहीच करू नका."

तेवढं मला जमलं. मासा आत आला. चांगला हातभर होता.

धक्क्याला लागलो तेव्हा मासा मी दोन्ही हातांनी उचलून धरला. (माझ्या नावेतला मासा तो माझाच की!) सासरे उठले, दुर्बीण गळ्यात अडकवून सरळ माझ्याकडे चालत आले. मी पाठ जरा पुढे केली.

ते माझ्या बाजूनं पुढे गेले आणि त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, पोरी! काय सुकाणू सांभाळलंस मागून!"

"मागून?" मी म्हणालो. "पण बाबा, दिशा तर मी देत होतो."

"ऐकू येत होतं ना इथपर्यंत, आणि माशांनाही. हा तुमचा मेहुणा रिकाम्या हातानं का परत आला असं वाटतं तुम्हाला?"

मेहुणा ओल्या पायांनी उभा होता. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर सांगण्यासारखी नाही.

माझा चेहरा पडलेला पाहून सासऱ्यांना दया आली असावी. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुमचाही उपयोग झाला हो, जावईबापू. वारा बराच होता. पुढे वजन नसतं, तर नावेचं नाक उचललं गेलं असतं."

मी उजळलो. जहाजं धक्क्याला लावणारा माणूस बोलतोय, काही थट्टा नाही!

मग ते लेकीकडे वळले. "पुढच्या वर्षीही हेच वजन घे. फक्त त्याच्या हातात वल्हं देऊ नकोस."