अँटेनाखालचे अण्णा

अण्णा सोमणांना न पाहिलेल्या गोष्टीवर मत देण्याची सिद्धी होती. पाहिलेल्या गोष्टीवर कोणीही मत देतो, त्यात काय विशेष? अण्णा जाहिरातीवरून नाटक पाडायचे आणि नुसत्या वासावरून आमच्या आईची आमटी. मत देऊन झालं की हात झटकून म्हणायचे, "खोटं आहे. पण चालू द्या." जणू त्यांनी परवानगी दिली नसती तर आमटी उकळायची थांबणार होती.

तळेगाव स्टेशनजवळ आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. एका कारखान्यात टाइमकीपर होते. भोंगा वाजला की बाकीचे लोक घड्याळ बघत, अण्णा भोंग्याचा सूर बघत. "उतरलाय," अशी तक्रार घेऊन ते एकदा थेट साहेबाकडे गेले. साहेबाने चहा पाजून परत पाठवलं. पूर्वी पुण्यात नदीकाठी त्यांचा गाण्याचा क्लास होता म्हणे, पेटी वाजवायचे. ती पेटी आता चादरीत गुंडाळून खाटेखाली ठेवलेली असे. गणपतीत कोणी मागायला गेलं की "बिघडलीय" म्हणून वाटेला लावत. गल्लीत त्यांची चिक्कू म्हणून ख्याती होती.

गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला आणि त्या दिवसापासून घर आमचं राहिलं नाही. अण्णा मात्र फिरकले नाहीत. "डबा आहे तो. सगळं खोटं," एवढं दारातून सांगून मोकळे झाले. मग पेपरात आलं, की पुण्याच्या पुरावर टीव्हीवर नाटक येतंय. पूर ओसरल्यावर शहर पुन्हा कसं उभं राहिलं, गाणारे-वाजवणारे चिखलातून वाद्यं काढून पुन्हा मैफिलीला कसे बसले, अशी काहीशी गोष्ट. काही कामं त्या पुरातून वाचलेल्या खऱ्या कलावंतांनीच केली होती. खाली त्यांची नावं होती.

त्याच संध्याकाळी अण्णा पेपर घेऊन आमच्याकडे आले आणि नाटक लागायच्या कितीतरी आधी त्याचं परीक्षण सुरू झालं. "चिखल खोटा असणार. मुंबईचा चिखल तो." "पेटीत पाणी गेलं की ती महिनोन् महिने खोकते, हे त्यांना कोण सांगणार?" रोज नवा दोष. वर बंदोबस्त वेगळाच. कोणी कुठं बसायचं, आईनं फोडणी केव्हा उरकायची, सगळं ठरलेलं. परंदवडीहून दूध घालायला येणाऱ्या रामभाऊंना त्यांनी बजावलं, "मध्ये बोलायचं नाही."

"आमी कशाला बोलतोय?" रामभाऊ म्हणाले. "तुमी तेवढं गप ऱ्हावा, म्हंजे झालं."

माझ्या मनातलं कोणीतरी बोललं एकदाचं.

शेवटी आईनं विचारलं, "एवढं खोटं आहे तर बघायचं कशाला, अण्णा?"

अण्णांनी घडी केलेला पेपर उलगडला. मग पेपरातल्या एका नावावर बोट ठेवलं. "हा आमचा गोविंदा. माझ्या क्लासात तबला वाजवायचा. पूर आला तेव्हा आम्ही दोघं बाहेर पडलो होतो, वहिनी. मी पेटी, पेटी म्हणून ओरडत सुटलो, म्हणून हा परत आत शिरला. पेटी आणली त्यानं. पण भिंत आली डाव्या हातावर."

"मग?"

"मग काय. प्लास्टर निघायच्या आत मी इकडं निघून आलो. हात चालतो की नाही, विचारायला तोंड कुठंय?"

आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. मला पेटी आठवली आणि चिक्कू हा शब्दही.

नाटकाच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा कोट घालून, स्वतःची खुर्ची घेऊन भलत्याच लवकर हजर झाले. नाटक सुरू झालं आणि थोड्याच वेळात चित्र गेलं. "लय मुंग्या आल्यात," रामभाऊंनी जाहीर केलं. अण्णा ताडकन उठले आणि कोटासकट गच्चीवर गेले. अँटेना सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे वळवल्याबरोबर चित्र स्वच्छ झालं.

"दिसतंय, या आता खाली," मी ओरडलो.

"सोडली की जाईल. धरून उभा आहे मी."

अर्धं नाटक झालं तरी अण्णा वरच. मला राहवेना. आपण धरावी आणि त्यांना खाली पाठवावं म्हणून मी गच्चीवर गेलो. अण्णा टाकीला टेकून खाली बसले होते. अँटेनाला त्यांचा हातही लागलेला नव्हता. ती आपली मजेत उभी होती.

"चला अण्णा, गोविंदराव यायचे असतील आता."

"तू बघ. मला फक्त सांग."

मी खाली आलो, तर पडद्यावर एक म्हातारा तबलजी शाल पांघरून बसला होता. उजव्या हाताने सुरेख वाजवत होता. समोर डग्गा नव्हताच. डावा हात शालीत होता, तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही. खोलीत कोणी हललं नाही, रामभाऊसुद्धा.

खिडकी उघडी होती. वरून अण्णांनी विचारलं, "आला का रे गोविंदा? दोन्ही हातांनी वाजवतोय ना?"

मी आईकडे पाहिलं. ती डोळ्यांना पदर लावून बसली होती.

"दोन्ही हातांनी, अण्णा," मी खिडकीतून ओरडलो. "अगदी झकास."

खोलीत नुसता तबला वाजत होता, डग्ग्यावाचून. भोंग्याचा सूर पकडणाऱ्या माणसाला आपण काय सांगून बसलो, ते मला तेव्हा कळलं.

"खोटं आहे," अण्णा हळूच म्हणाले. "पण चालू द्या."