पेनने सोडवलेलं कोडं

त्या रविवारी मी पेन्सिल बाजूला ठेवली आणि पेन उचललं. माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांमध्ये ही तशी किरकोळच म्हणायची. पण आमच्या घरात पुढचे तीन महिने जे काही घडलं, ते सगळं त्या पेनातूनच बाहेर आलं.

मी भूपेंद्र पटले. पाटबंधारे खात्यात लिपिक, घर गोंदियाजवळ कुडव्याला. देवाने मला एकच कला दिली, ती म्हणजे रविवारच्या पुरवणीतलं तिरकस शब्दकोडं सोडवण्याची. साध्या कोड्यात 'गरीब' या अर्थाचा दोन अक्षरी शब्द सांगा, असं सरळ विचारतात. तिरकस कोड्यात विचारतात, 'नदी उलटली आणि गरीब झाली'. आता बसा नदीकाठी! (नदी उलटी वाचायची, की झालं 'दीन'. सांगितल्यावर सगळ्यांनाच सोपं वाटतं.) अशी अठ्ठावीस सूत्रं असतात. त्यावर मी एक पेन्सिल, एक खोडरबर, दोन कप चहा आणि तीन तास खर्च करत असे. बावीस-तेवीस सुटायची. उरलेली छापणाऱ्यानेच चुकवली असावीत, असं मी बायकोला सांगत असे.

आणि दुपारी जेवण झालं की कोड्याचं परीक्षण लिहून संपादकांना पाठवत असे. कोणतं सूत्र रसाळ, कोणतं ओढूनताणून आणलेलं, कुठे कोडेकाराने वाचकावर अन्याय केला, सगळं सविस्तर. अशी एकसष्ट परीक्षणं पाठवली. छापलं एकही नाही. (पण परतही एकही आलं नाही, हे लक्षात घ्या.)

माझी बायको नीतू घरी ब्लाऊज शिवते. समोरच्या खोलीत मशीन, आणि मशीनभोवती कुडव्यातल्या निम्म्या बायका. रविवारी सकाळी चहा ठेवायला ती यायची, खोडून खोडून काळ्या पडलेल्या माझ्या चौकोनांकडे बघायची आणि म्हणायची, "किती डोकं लागत असन नाही जी याले!" एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्या डोक्याचं कौतुक होण्याची ही एकमेव जागा. ती मी जिवापाड जपली होती.

दिवाळीनंतर शेजारच्या घरात इंद्रकुमार राहायला आला. नोकरी बिरसीच्या विमानतळावर. तिथे तो नेमकं काय करतो हे कोणी विचारलं नाही, पण काळा गॉगल घालून मोटारसायकलला किक मारायचा, त्यावरून विमान तोच उडवत असणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तेही मी सहन केलं असतं. पण त्याची बायको चेतना हिने घरातले जुने पेपर नीतूला आणून दिले. ब्लाऊज कापायच्या आधी नीतू पेपरवर कटिंग काढते, त्याला जुने पेपर लागतात.

"अजी, हे पाहा," नीतू म्हणाली. "इंद्रकुमार भाऊजीनं कोडं पेननं सोडवलं. एक बी खोडाखोड नाही."

"मग?"

"मग काही नाही. अक्षर साफ हाय म्हणून सांगून राहिली."

"वेळ किती लागला म्हणे?"

"चेतना म्हणे, पंधरा मिनिटं."

मी बघायला हात पुढे केला, तोवर तिने त्यावर बाहीचं माप टाकून कात्रीसुद्धा चालवली होती. पंधरा मिनिटं! ऑफिसात माझ्या मागून आलेला माणूस बढती घेऊन गेला, तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी जळलो, अगदी उघड जळलो. शेजारी मोटारसायकल सुरू झाली तरी माझ्या पोटात दुखू लागायचं. गॉगल तुझा, मोटारसायकल तुझी, विमानं तुझी. एक कोडं माझ्याकडे राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

म्हणून मी पेन उचललं. पहिली नऊ सूत्रं नीट गेली. मग गाडी अडली. पेनने लिहिताना 'बघू या' असं लिहिता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तेवढ्यात समोरच्या खोलीतली मशीन थांबली. मशीन थांबली म्हणजे चहा निघाला. मी घाबरून उरलेल्या घरांत हाताला येतील ती अक्षरं भरली. एका ओळीत 'टमढ' झालं, एका उभ्या रांगेत 'बटकलू'. पण अक्षर साफ होतं.

"अगा बाप्पा! पेननं?" नीतू म्हणाली. "अन् एवढ्या लवकर?"

"सवयीचं काम आहे," मी म्हणालो.

त्या दिवशी पोह्यांवर झणझणीत रश्शाची तर्री मला न मागता दोनदा मिळाली. खोटं बोलून माणसाला झोप लागत नाही म्हणतात. मला दुपारी छान लागली.

संध्याकाळी कुंपणाशी इंद्रकुमार भेटला.

"ऐकलं, तुमीबी पेननं करून राहिले भाऊजी," तो म्हणाला. "टाइम किती?"

"अठरा मिनिटं."

"सही आहे. मले आता बारा लागते."

पुढच्या रविवारी मी अकरा मिनिटांत भरलं. तो नवावर आला. मी सातावर गेलो. तो पाच म्हणाला. शेवटी मी चार मिनिटांवर पोचलो. चार मिनिटांत एकशे चाळीस घरं नुसती भरायची म्हटली तरी मनगट दुखतं, सूत्रं कोण वाचत बसणार? परीक्षणं मात्र मी पाठवत राहिलो. 'या खेपेचे उभे चौदा विशेष रसाळ' असं न वाचताच लिहायचो. इतर समीक्षकही तेच करत असतील, अशी मी मनाची समजूत घातली.

एका शुक्रवारी नीतू म्हणाली, "परवा इंद्रकुमार भाऊजीले अन् चेतनाले नाश्त्याले बोलावलं. दोघं आमच्यासमोर बसा अन् सोडवा. बाया म्हणून राहिल्या, आमालेबी पाहाचं हाय."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. दोघांचे कागद शेजारी-शेजारी येणार! त्याच्या बरोबर उत्तरांशेजारी माझं 'बटकलू'! एकोणीस वर्षांची अब्रू पोह्यांच्या बशीत बुडणार होती.

पण मी सरकारी माणूस. वाट काढता येते. रविवारची पुरवणी आधीच छापून शनिवारी संध्याकाळी एजंटकडे येते, हे मला माहीत होतं. टायरमध्ये हवा भरून येतो, असं सांगून मी स्कूटर काढली आणि गोंदियाला बसस्टँडजवळ केशोराव पेपरवाल्याच्या गोदामाशी गेलो. तिथे हेल्मेट घातलेला एक माणूस केशोरावांना विनवत होता.

"काका, एकच पुरवणी द्या ना यार. फक्त मागचं पान."

आवाज ओळखीचा वाटला. हेल्मेटच्या काचेतून आत काळा गॉगल दिसला.

"इंद्रकुमार?"

"भाऊजी? तुमी काऊन आले इथं?"

"हवा भरायला. तू?"

"मीबी."

केशोराव दोघांकडे बघून म्हणाले, "हवा समोर भेटते. पुरवणी एकच देईन, बाकीच्याची गिनती झाली. अन् एक सांगा, उद्या सकाळी सात वाजता घरी येणारा पेपर आज कायले पाहिजे?"

मी घाईघाईने पैसे काढले. आम्ही ती एक पुरवणी घेऊन चहाच्या टपरीवर बसलो. मी म्हणालो, "तुला कशाला हवी? तुला तर पाच मिनिटं लागतात." त्यावर त्याने गॉगल काढला. गॉगलशिवाय तो अगदी आमच्या ऑफिसातल्या शिपायासारखा दिसत होता.

"भाऊजी, मले कोडं येतच नाही. एकदाबी आलं नाही. चेतना रोज म्हणे, शेजारच्या पटले भाऊजीले पाहा, तीन तास हालत नाही, किती मन लावून बसते! तुमी दहा मिनिटं एका जागी बसत नाही, असं मलेच सुनावे. मले राग आला. घेतलं पेन अन् भरून टाकलं कसंबी."

म्हणजे मी ज्याच्यावर जळत होतो, तो माझ्यावर जळत होता! इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. पण आनंदाला वेळ नव्हता. दोघांनी मिळून अंधार पडेपर्यंत नऊ सूत्रं सोडवली (पैकी आठ मी). उरलेल्या एकोणिसांचं काय? तेव्हा मला युक्ती सुचली. दोघांनी काहीही भरायचं, पण अगदी सारखं भरायचं. दोन हुशार माणसांचं उत्तर एकच आलं, तर शंका कोण घेणार? आम्ही सगळी अक्षरं पाठ करून घरी गेलो.

रविवारी टेबलावर दोन पेपर, दोन पेनं. समोर नीतू, चेतना आणि ब्लाऊज सैल करायला आलेल्या जमुनाबाई. या जमुनाबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. तिसरीत मलाही त्यांनीच शिकवलं. सहा मिनिटांत आम्ही दोघांनी एकदमच पेनं खाली ठेवली. मी नीतूकडे पाहिलं. ती हसत होती, म्हणून मीही हसलो.

जमुनाबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "आडवे एक. 'नेहमीचाच, पण उलट्या डोक्याचा नोकर', दोन अक्षरं. भूपेंद्र, तू काय लिहिलं?"

"ढम," मी म्हणालो.

"इंद्रकुमार?"

"ढम," तो म्हणाला.

"दास," पोह्यांवर लिंबू पिळता पिळता चेतना म्हणाली. "सदा उलटा केला तं दास."

"उत्तर तं चुकलंच, पर नक्कलबी केली!" जमुनाबाई म्हणाल्या. तिसरीतही त्यांनी मला असंच पकडलं होतं.

मग नीतूने आतून एक पिशवी आणली. त्यातून ब्लाऊजची कटिंगं निघाली. पाठी, बाह्या, कटोऱ्या, आणि प्रत्येकावर आमची कोडी. शिवणाच्या खडूने वर गुण दिलेले होते. इंद्रकुमार, अठ्ठावीसपैकी शून्य. भूपेंद्र, नऊ. भूपेंद्र, तीन. भूपेंद्र, शून्य, आणि खाली जमुनाबाईंच्या अक्षरात 'लक्ष नाही'. दर रविवारी दुपारी या बायका हातशिलाई करता करता तेच कोडं तोंडी सोडवत होत्या, आणि पुढच्या आठवड्यात उत्तरं आली की आम्हाला तपासत होत्या.

"तुला माहीत होतं?" मी नीतूला विचारलं.

"पहिल्या रविवारपासून."

"मग बोलली कशी नाहीस?"

"तुमी एवढे खुश दिसून राहिले होते," ती म्हणाली. मग कटिंगं पिशवीत भरत म्हणाली, "पेन्सिलनं तेवीस यायचे तुमाले. खोडून खोडून यायचे, पर खरे यायचे. मले तेच आवडे."

मला फार लाज वाटली, आणि खरं सांगतो, फार बरंही वाटलं. पुढच्या रविवारपासून मी पुन्हा पेन्सिल धरली. तीन तास, दोन चहा, तेवीस उत्तरं. इंद्रकुमारही समोर येऊन बसतो आणि खोडरबर सांभाळतो. नीतू चहा ठेवताना पुन्हा 'किती डोकं लागत असन' म्हणू लागली आहे. मी मनाशी ठरवलं, आता कोणावर जळायचं नाही.

हे ठरवून आठच दिवस झाले असतील. परवाची पुरवणी उघडली, तर कोड्याच्या खाली चौकटीत एक परीक्षण छापलेलं. पहिल्याच वेळी पाठवलेलं आणि पहिल्याच वेळी छापलेलं. खाली नाव होतं, 'नीतू पटले आणि मैत्रिणी, कुडवा, जि. गोंदिया'. लिहिलं होतं: 'तुमचं कोडं फार आवडतं, पण दर वेळी दोन-चार सूत्रं सोपी ठेवावीत ही विनंती. आमच्या घरी दोन पुरुष आहेत, त्यांनाही विरंगुळा हवा.'