सुरंगीचं पाणी

तांबे सर कुठल्याही वस्तूला नाक लावत नाहीत. वस्तू हातभर लांब धरायची, तळहाताने हवा नाकाकडे ओढायची, मग मान डोलवायची. रसायनशास्त्राच्या मास्तराची खोड. मिरकरवाड्याला मासेसुद्धा असेच पारखतात. एकदा कोळीण ओरडली, "अवो मास्तर, सुरमई हाय ती, अत्तर नाय!"

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी काय काय वाफवलं नाही! गवती चहा, ओव्याची पानं, तिरफळं. चंबूत पाला, त्यातून वाफ, पुढे थंड पाण्यातली नळी आणि शेवटी पाण्यावर तरंगणारा तेलाचा थेंब. तो पडेपर्यंत वर्गात कोणी शिंकायचंही नाही. "घाई केलीस की वास पळतो," हे पालुपद. मी इतिहासाचा मास्तर, तरी चहा गाळतानाही मला ऐकवायचे. वर आणखी, "नाजूक फुलाला मात्र वाफ लावू नये रे. शिजतं बिचारं."

करोनात तांबे वहिनी गेल्या. सर वाचले, पण त्यांना वास येईनासा झाला तो कायमचाच. शाळेत हे फक्त मला ठाऊक. हवा ओढणं, मान डोलवणं तसंच चालू.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पालीच्या बाजारातून सुरंगीचे गजरे आणले. वहिनी माळायच्या, तसलेच. शाळा सुटल्यावर फुलं सोडवून चंबूत घातली. नळीतून ठिबकलेलं पाणी माझ्यापुढे धरलं.

"बघ. येतोय?"

शिजलेल्या पालेभाजीचा वास होता.

"अगदी वहिनी दारातून आत आल्यासारखं," मी म्हणालो.

मग दर हंगामात तेच. तेच गजरे, तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. मी कमी बोलणारा माणूस. जे बोललो तेही खोटं.

यंदा मात्र राहवलं नाही. "सर, यात काही नाही. पहिल्या वर्षीही नव्हतं. मी फसवलं तुम्हाला."

सर चंबू विसळत होते. "गाढवा, फूल शिजतं हे तुला सांगितलं कोणी?"

"मग दर वर्षी कशाला...?"

"घरी तिचं नाव काढायला आहे कोण? वर्षातून एकदा तू म्हणायचास, वहिनी आल्या."

उरलेलं पाणी त्यांनी हातभर लांब धरलं. तळहाताने हवा ओढली. मान डोलावली नाही. माझ्याकडे बघत थांबले.