दोन संघांची एक सासू

वेंडेल हुडाकची सासू ओटिलिया क्लीव्हलंडहून दोन दिवसांसाठी म्हणून पिट्सबर्गला आली, त्याला आता सहा आठवडे होत आले होते. तिला जायचं होतं, वेंडेलला तिला घालवायचं होतं. पण गल्ली जाऊ देत नव्हती.

झालं असं, की आल्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून ती थेट वेंडेलच्या खुर्चीत बसली आणि हरत आलेला फुटबॉलचा संघ शेवटच्या मिनिटाला जिंकला. दुसऱ्या दिवशी जावयाशी वाजलं म्हणून ती घेवड्याच्या शेंगा घेऊन व्हरांड्यात जाऊन बसली, तर बेसबॉलवाले जिंकले. तेव्हापासून फुटबॉलला ती खुर्चीत, बेसबॉलला व्हरांड्यात. आणि दोन्ही संघ हरायचंच विसरले. नदीकाठच्या पोलाद कारखान्यापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत सगळं गाव दोन्ही संघांच्या रंगांत काळं-पिवळं झालं. हा म्हातारीचा पायगुण, असं शेजारची झुझाना म्हणाली, आणि ते वाक्य टेकडीच्या पायऱ्या उतरून तासाभरात नदीपलीकडे पोचलं. ओटिलियानं जपमाळ ओढून दोन्ही संघांचा पराभव मागितला, तोही मिळेना. पाद्रीबाबांकडे गाऱ्हाणं नेलं, तर त्यांनी बेसबॉलचा हंगाम संपतो तो ऑक्टोबर तेवढा निघू दे म्हणून तिचेच हात धरले.

वेंडेलचे मात्र हाल होते. एकाच फांदीला दोन मोहोर यावेत तसं हे साल आलं होतं. अशा सालासाठी त्यानं चाळीस वर्षं वाट पाहिली होती. आणि सासू त्याच्या खुर्चीत बसून त्याच्याच कोबीच्या भाजीत साखर घालायला सांगत होती. फक्त एक हार, की म्हातारी मोकळी. पण तो विचार मनात आला, की अपशकुन नको म्हणून तो घाबरून लाकडाला हात लावायचा.

मग तो रविवार आला. फुटबॉलचा सामना दुपारी एकला, आणि बेसबॉलच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामनाही एकलाच. खुर्ची की व्हरांडा, यावर सकाळभर खल झाला. शेवटी झुझानाच्या नवऱ्यानं, गसनं, टेप आणली, चौकट मोजली आणि दार बिजागऱ्यांसकट काढून बाजूला ठेवलं. ओटिलियाला खुर्चीसकट उंबऱ्यावर आडवी बसवली. डावा कान टीव्हीकडे, उजवा व्हरांड्यातल्या रेडिओकडे.

"मी काय दार अडवायला ठेवलेली वीट आहे का?" तिनं विचारलं.

"आई, तू बोल, पण हलू नकोस," तिची लेक आयरीन म्हणाली.

बेसबॉलवाले ढेपाळले, की गस खुर्ची बोटभर बाहेर ओढायचा. लगेच फुटबॉलवाले चेंडू घालवायचे, की वेंडेल ती बोटभर आत ओढायचा. असं तीन तास चाललं. दोन्ही संघ जिंकले, आणि खुर्ची चौकटीत अशी रुतली की चौघांना हलेना. हलवूच नका, गस म्हणाला, मालिकेत अजून सामने आहेत. जमलेली मंडळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून उड्या मारून घरी गेली.

बिनदाराच्या घरात नदीवरचा गार वारा शिरला. म्हातारीचे पांढरे केस भुरभुरताना पाहून वेंडेलच्या काळजात काही हललं. त्यानं आत जाऊन क्लीव्हलंडला मेहुण्याला, एमिलला, फोन लावला.

"उद्या गाडी घेऊन ये आणि आईंना ने. संघ हरले तर हरू देत," तो म्हणाला.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"दाजी, तुम्हाला म्हणून सांगतो," एमिल हळूच म्हणाला. "ती तिकडे गेल्यापासून आमचा संघही हरलेला नाही. सगळी गल्ली माझ्या दारात पहारा देतेय, ती परत येऊ नये म्हणून. तिचा लोकरीचा कोट कालच पार्सलनं पाठवलाय."

वेंडेल उंबऱ्यापाशी आला, तेव्हा ओटिलिया त्याच्याकडेच पाहत होती.

"काय म्हणतो माझा एमिल?"

"तुमची काळजी करतो, आई."

"म्हणजे तेही जिंकताहेत," ती म्हणाली. "सहा आठवड्यांत पोरानं एकदा विचारलं नाही, कधी येतेस म्हणून."

वेंडेलनं आपली गोधडी आणून तिच्या गुडघ्यांवर पांघरली. मग गसनं विसरलेली टेप उचलून तो चौकट मोजू लागला.

"दार जरा रुंद करून घेऊ या, आई," तो म्हणाला.