मुदतबाह्य औषधांचे पांढरीपांडे

रविवार, १० जानेवारी १९८८, सकाळी आठ वाजून पस्तीस मिनिटे. वेळ अचूक सांगता येते, कारण अंडे उकळत्या पाण्यात सोडून मी घड्याळाकडे पाहत उभी होते. तेवढ्यात जिन्यातून खणखणीत आवाज आला, "एक्सपायरीऽऽ!" भाजीवाल्याने "गोभी" म्हणून ओरडावे, अगदी तसा. दार उघडले, तर माकडटोपी, तिच्यावरून मफलर आणि हातात कापडी पिशवी अशा थाटात एक गृहस्थ उभे होते. मी मराठी आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली असावी.

"औषधं कुठं ठेवतेस? फ्रिजवर का उशीखाली?"

"आपण कोण?"

"पांढरीपांडे. तळमजला. नागपूर. आता काढ."

मी काढली. का काढली, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, एकेक पाकीट उजेडात धरले आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली पिशवीत टाकली. "सायंटिस्ट म्हणवतेस अन् ऑक्टोबरातले थेंब डोळ्यांत टाकून राहिलीस! काय बाप्पा!" त्या दिवशी माझे अंडे अकरा मिनिटे उकळले.

मी तेव्हा चंडीगढच्या सेक्टर ३९ मधील सरकारी संशोधन संस्थेत डॉक्टरेटसाठी काम करत होते आणि जवळच्याच तीनमजली वसाहतीत मधल्या मजल्यावर एकटी राहत होते. तिशीच्या आत स्वतःची प्रयोगशाळा मिळवायची, असा माझा लेखी कार्यक्रम होता. शेजारी हा घटक त्या कार्यक्रमात धरलेला नव्हता.

पांढरीपांडेकाका केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले होते. बदल्या होत होत चंडीगढला पोचले आणि निवृत्तीनंतर तिथेच थांबले. "नागपूरला का नाही गेलात?" असे मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "तिथं कोण आहे?" पत्नीविषयी त्यांचे एकच वाक्य होते: "ग्वाल्हेरला असताना गेली." ते वाक्य उच्चारून झाले की ते हटकून माझ्या फ्रिजचे दार उघडत आणि टॉनिकची बाटली उलटी करून तिच्या बुडावरची तारीख वाचू लागत. पंजाबी शेजाऱ्यांना त्यांचे आडनाव पेलत नसे. समोर ते "पांडे जी" होते आणि माघारी "एक्सपायरी साहब".

दर रविवारी ते वसाहतीतील प्रत्येक दार गाठत. निवृत्तीमुळे तपासणीचे अधिकार गेले, परंतु तपासणीची वृत्ती शाबूत होती. अर्धवट सोडलेली प्रतिजैविके त्यांच्या भाषेत "अपूर्ण व्यवहार" होती. ज्यावरची तारीखच खरडली गेली आहे असे पाकीट म्हणजे "गंभीर आक्षेप". त्यांच्या दृष्टीने जगात औषधे दोनच प्रकारची होती, मुदतीतली आणि मुदतीबाहेरची, आणि मुदतीतल्या औषधाला हात लावणे हा अधिकाराचा अतिक्रम होता.

तळमजल्यावरच्या मेजरसाहेबांच्या सातारकर पत्नीने एकदा खोकल्याचे औषध स्वखुशीने पुढे केले. काकांनी तारीख पाहिली आणि बाटली परत दिली.

"अहो काका, न्या की. उगंच जागा अडवतंय."

"वहिनी, महिनाअखेरपर्यंत चांगलं आहे. आज एकोणतीस."

"दोन दिवसांनी काय आकाश कोसळणार आहे?"

"तारीख म्हणजे तारीख."

एक तारखेला सकाळी सात वाजता ते त्यांच्या दारात हजर होते. वहिनी दात घासत होत्या.

जमा झालेल्या औषधांचे काय करतात, हे मी पहिल्याच महिन्यात विचारले. गोळ्या चुरून, ओल्या चहापत्तीत कालवून ते परसातल्या लिंबाखाली पुरत. हे ऐकून माझ्यातील वैज्ञानिक जागी झाली. मुले, कुत्री आणि कचरा वेचणारे यांच्या हाती औषध लागू नये, हा त्यांचा हेतू निर्दोष होता. पण जमिनीत मुरलेले औषध पाण्यापर्यंत पोचू शकते, आणि न्हाणीघरात ओतले तर त्याहूनही लवकर. मी हे आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती शांतपणे पाहिली, मग लिंबाकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हणूनच याला यंदा लिंबं नाहीत."

माझी एक वरिष्ठ मैत्रीण डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होती. कारखान्याचा नाकारलेला माल जाळण्यासाठी तिथे बंदिस्त भट्टी होती, तीत आमची पिशवीही टाकायला तिने परवानगी मिळवून दिली. माझ्या बाजूने अट एवढीच, की प्रत्येक वस्तू मी वजन करून वर्गवार नोंदवणार. घराघरांत किती औषध वाया जाते, यावर मला एक शोधनिबंध दिसू लागला होता. काकांना त्यात तपासणी अहवाल दिसत होता. आमचे जमले.

काकांच्या स्कूटरवरून डेराबस्सीला जाण्याचे ते रस्ते मला आजही आठवतात. हिवाळ्याचे कोवळे ऊन, मोहरीची पिवळी शेते, आणि दर काही अंतरावर वाळूच्या पोत्यांमागे बंदुका रोखून उभे असलेले पोलीस. एका नाक्यावर शिपायाने मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवले.

"की है ओए इदे विच?"

"दवाइयाँ. एक्सपायर." काकांनी स्कूटर स्टँडवर लावली. "तुम्हारे पास है कोई? दिखाओ."

शिपाई क्षणभर गोंधळला आणि त्याने खरोखरच खिशातून डोकेदुखीच्या गोळ्यांचे चुरगळलेले पाकीट काढून दिले. काकांनी तारीख पाहिली, पाकीट जप्त केले आणि त्याला सुनावले, "सरकारी आदमी होकर!" त्याने आम्हाला सलाम ठोकला. तो कोणाला होता, हे त्यालाही ठाऊक नसावे.

ऑगस्टमध्ये त्यांनी जिन्याच्या वळणावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला. वर चिठ्ठी होती, "पुरानी दवाइयाँ यहाँ डालें". दमट हवेत चिठ्ठी गळून पडली, आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बेवारस डबा पाहून कोणीतरी पोलिसांना फोन केला. सगळी वसाहत रस्त्यावर आली. मी माझ्या नोंदी छातीशी धरून उभी होते, वहिनी प्रेशर कुकर घेऊन. पोलीस दोरी बांधत असतानाच काका भाजी घेऊन परतले, दोरीखालून वाकून आत शिरले आणि कोणी "ओ बाबा जी!" म्हणून किंचाळेपर्यंत त्यांनी डब्याचे झाकण काढलेसुद्धा.

आम्ही कानांवर हात ठेवले. काकांनी डब्यात पाहिले आणि अत्यंत व्यथित स्वरात म्हणाले, "आठ दिवस झाले, कुणीच काही टाकलं नाही?"

हे सारे आज हसण्यासारखे वाटते. पण पंजाबातील दहशतवादाच्या त्या वर्षांत दिवस मावळला की दुकाने बंद होत आणि अवेळी दारावरची घंटा वाजली तर लोक आधी दिवा मालवत. काका घंटा कधीच वाजवत नसत. जिन्याच्या पहिल्या पायरीपासूनच ते ओरडत यायचे. त्यामागचे कारण मला फार उशिरा कळले: तो आवाज ऐकून कोणीही दिवा मालवत नसे.

वरच्या मजल्यावर हरजीतआंटी राहत. शाळेत गणित शिकवायच्या, आवाज फळ्यावर खडू आपटावा तसा. त्यांचे आणि काकांचे दर रविवारी भांडण ठरलेले. "पांडे जी, मेरे घर में आप ही एक्सपायर चीज़ हो!" असे त्या म्हणत आणि चहा टाकत. त्या सप्टेंबरमध्ये त्यांचे यजमान गावाहून बसने परत यायला निघाले आणि पोचले नाहीत. ते दिवस असे होते, की या वाक्याच्या पुढे कोणी काही विचारत नसे. आंटींना मूलबाळ नव्हते. नातलग आले, महिनाभर राहिले, गेले. आंटींचे शाळेत जाणे सुटले, भांडण थांबले. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, एवढे आम्हाला ठाऊक होते.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी काकांच्या व्हरांड्यात तराजू मांडून बसले होते. पिशवीतून एक तपकिरी बाटली निघाली. झोपेच्या गोळ्यांनी जवळजवळ भरलेली. वर आंटींचे नाव. मी सवयीने तारीख पाहिली आणि थांबले.

"काका, ही चुकून आली आहे. एप्रिल एकोणीसशे नव्वद. अजून दीड वर्ष आहे."

"ठेव ती."

"अहो, पण ही मुदतबाह्य नाही. वर्गीकरण चुकेल. मी वर देऊन येते."

मी उठले. त्यांनी माझे मनगट धरले. वर्षभरात त्यांनी मला प्रथमच स्पर्श केला होता.

"बस खाली, पोरी. तिला सांगितलं मी, एक्सपायर झाली म्हणून."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. दोन दिवसांसाठी बाटली परत करणारा हा माणूस.

"बोलता बोलता ती कपाटाकडे पाहत होती," ते म्हणाले. "तीनदा पाहिलं. मी मोजून राहिलो होतो." मग त्यांनी पिशवीचे तोंड नीट दुमडले. "ग्वाल्हेरला आमच्या घरीही अशीच एक बाटली होती. तीही तारखेत होती. मी ऑफिसात होतो."

मी खाली बसले. प्रश्न विचारण्याची मला सवय आहे. त्या वेळी सुचला तो फक्त व्यवहारातला होता.

"पण काका, आंटी गणिताच्या शिक्षिका आहेत. त्यांनी तारीख वाचली असेल."

"वाचली ना. माझ्यासमोर चष्मा लावून वाचली. पुन्हा वाचली. मग बाटली माझ्या हातात दिली अन् म्हणाली, 'हाँ पांडे जी, हो गई एक्सपायर.'"

मी म्हटले, आंटींच्या डॉक्टरांना हे कळायला हवे. काका म्हणाले, सकाळीच फोन केला. ते दुपारी येतील, आणि अंबाल्याहून आंटींची बहीणही निघाली आहे. लेखापरीक्षकाने काहीही प्रलंबित ठेवले नव्हते.

एवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली. आवाज बसलेला होता, पण हाक होती. "पांडे जी! चाय ठंडी हो रही है, आना है कि नहीं?"

काका लगबगीने उठले, मफलर सारखा केला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडत वर गेले.

तो शोधनिबंध मी कधीच लिहिला नाही. त्या हिवाळ्यात माझे स्वतःचे काम वेगाने पुढे सरकले, नंतर मी दुसऱ्या शहरात गेले, आणि आता माझ्या प्रयोगशाळेत मुदतबाह्य रसायनांसाठी वेगळे कपाट आहे. माझ्या फ्रिजवरची औषधे मात्र कोणी तपासत नाही. त्या रविवारी, वरून कपबशांचा आवाज येत असताना, मी ती बाटली तराजूत ठेवली आणि "मुदत संपलेली" या रकान्यात शेवटचा आकडा लिहिला: चौऱ्याऐंशी ग्रॅम.