चौथ्या पानावरचा मुद्दा

धाकट्या बहिणीचं एक पत्र आठ महिने माझ्या टेबलावर उत्तरावाचून पडून होतं. मजकूर मोजका. 'दादा, आई जाऊन वर्ष होत आलं. घर अजून तिच्याच नावावर आहे. छप्पर गळतंय, पण नाव बदलल्याशिवाय दुरुस्तीची परवानगी मिळत नाही. वारस आपण दोघंच. तुझा हिस्सा माझ्या नावे सोडशील का? काय ते स्पष्ट कळव.'

सोडणार तर होतोच! आईची सहा वर्षं सेवा तिनं केली. मी पुस्तकं पाठवली. पण हे लिहायचं कसं? सतरा खर्डे झाले. एकात उपकार केल्यासारखं वाटे, दुसऱ्यात शोकसभेतल्या भाषणासारखं. शेवटी मी बायकोला ऐटीत म्हणालो, "उत्तर कशाला? थेट कचेरीत अर्जच देतो. तिच्या हातात कागद पडेल तेव्हा बघ!"

"वकिलाला विचारा हो एकदा."

"जन्मभर वाचलंय मी. एक अर्ज लिहिता येणार नाही?"

अर्ज चार पानांचा झाला! कचेरीतल्या बाईंनी तो वजन केल्यासारखा वरखाली केला, पहिल्या पानावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "या काका." मी तरंगतच घरी आलो.

दहा दिवसांनी फोन वाजला.

"घर हवं होतं तर तोंडानं सांगायचंस, दादा! दारावर नोटीस कसली डकवतोस?"

"नोटीस?"

"'बंधूंनी घर स्वतःच्या नावे करून मागितले आहे. हरकत असल्यास सोमवारी हजर राहावे.' सगळी गल्ली वाचून गेली. दूधवाला तर दोनदा!"

"अगं, ते... चौथ्या..." माझं ततपप होईपर्यंत तिनं फोन आपटला.

"पडला वाटतं कागद तिच्या हातात?" बायकोनं विचारलं.

सोमवारी बहीण आईच्या आजारपणाच्या फायली छातीशी धरून आली, लढाईला निघाल्यासारखी! माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. बाईंनी माझा अर्ज काढून वाचला, "'या घराच्या विटेविटेवर माझा जीव आहे. ते मी कसे विसरू?' सांगा काका, याचा अर्थ काय घ्यायचा?"

"ती प्रस्तावना आहे!"

"अर्जाला?"

"मुद्दा चौथ्या पानावर आहे."

"काका, दिवसाला साठ अर्ज येतात. आम्ही पहिलंच पान वाचतो!"

बहिणीनं अर्ज ओढून घेतला आणि चौथं पान मोठ्यानं वाचू लागली. "'आई अंथरुणाला खिळली तेव्हा दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवणारी माझी बहीण होती. मी पाहुण्यासारखा येत असे, आणि तीच मला आंघोळीचे पाणी काढून देई. घर तिचेच आहे. माझा हिस्सा मी सोडतो. तिचे उपकार मात्र...'"

तिनं पान खाली केलं. रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पुढे काय?"

"हे आठ महिन्यांपूर्वी कळवायला काय झालं होतं, शहाण्या?"

"शब्द सापडत नव्हते."

"चार पानं भरून सापडले की!"

बाईंनी छापील हक्कसोडपत्र पुढे सरकवलं. "इथे सही करा. प्रस्तावना नको!" मी पेन उघडलं. बहिणीनं शेजारी उभं राहून कागद घट्ट धरला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता माझ्या पत्राचं उत्तर दे."

"समोर तर उभी आहेस!"

"पोस्टानं हवं. नोटिशीऐवजी दारात काहीतरी चांगलं येऊ दे."

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी कागद आणि पाकीट घेतलं आणि तिथेच उभ्याउभ्या लिहिलं, 'माझी काहीही हरकत नाही. तू होतीस म्हणून आई सुखानं गेली. तुझा दादा.' खर्डा केला नाही! पाकिटावर तिच्या नावाखाली 'घरमालकीण' असं लिहिलं आणि ते शेजारच्या टपालपेटीत टाकलं.

"तिकीट लावलंस ना रे?"

मी पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. पत्र कधीच तळाला गेलं होतं.

"राहू दे," डोळे पुसत ती हसली. "मालकीण दंड भरून सोडवून घेईल. हरकत नाही!"