पहिल्या भाषेची फाइल

"तीन महिन्यांत आपलं वाचनालय नव्या युगात जाईल, आणि ते मी नेईन!" अण्णांनी सभेत गर्जना केली. टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी लेकाला हळूच विचारलं, "प्रोग्राम म्हणजे नेमकं काय रे?"

कोणतं पुस्तक कोणाकडे अडकलंय ते सांगणारा प्रोग्राम स्वतः लिहायचं अण्णांनी कबूल केलं होतं. चिटणिसांनी तर प्रात्यक्षिकाची तारीखही फळ्यावर लावून टाकली. आता माघार घेतली, तर रोज त्याच वाचनालयात तोंड लपवून पेपर वाचायची पाळी.

लेक आणि सून दोघंही कॉम्प्युटरवालेच.

"सी भाषेपासून सुरुवात करा, अण्णा. पाया पक्का होतो," लेक म्हणाला.

"या वयात पाया कुठे खणायला लावतोस? अण्णा, तुम्ही पायथन शिका. आठवड्यात प्रोग्राम चालेल."

"चालेल, पण का चालतोय ते कळणार नाही."

"तुझे तर का चालत नाहीत तेसुद्धा कळत नाही!"

अण्णा निवृत्त हेडक्लार्क. वाद दिसला की त्यांचा हात फाइलकडे जाई. 'विषय: पहिली भाषा निवडण्याबाबत' असं झोकात लिहून त्यांनी दोघांकडून लेखी अभिप्राय मागवले. लेकाने चार पानं दिली, सुनेने सहा; सोबत आपापल्या भाषेचं एकेक पुस्तकही. 'उभय पक्षांनी खुलासा सादर करावा,' असा शेरा मारून अण्णांनी फाइल परत फिरवली. खुलाशांत टोमणे आले. टोमण्यांवर पुन्हा खुलासे आले. शेजारच्या इंजिनिअरने आगाऊपणे तिसरीच भाषा सुचवली. त्याची पुरवणी जोडावी लागली.

दुसऱ्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर लेक म्हणू लागला, "अण्णा, तिला मीठ सरकवायला सांगा." फाइल इतकी फुगली की पंख्याने कागद उडू लागले, म्हणून अण्णांनी तिच्यावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. निर्णय होत नाही तोवर शिकावं लागत नाही, या विचाराने त्यांना झोप मात्र छान लागे.

तिसऱ्या महिन्यातला शेवटचा शनिवार उजाडला आणि झोप उडाली. प्रात्यक्षिक उद्यावर आलं होतं.

"अजून भाषाच ठरली नाही," अण्णा बायकोसमोर, माईंसमोर मटकन बसले. "उद्या काय तोंड दाखवू?"

"हे दाखवा." माईंनी सुनेचा जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही वाचनालयाच्या नोंदवहीची प्रत आणून ठेवली होतीत ना? ती भरली यात. पुस्तकाचं नाव टाकलं की कोणाकडे आहे ते सांगतं."

"तू लिहिलंस? कोणत्या भाषेत?"

"सूनबाईचं पुस्तक वर होतं, ते उघडलं. लेकाचं वर असतं तर ते उघडलं असतं. अडलं तिथे दोघांनाही विचारलं."

"आणि ते भांडले नाहीत?"

"मी कुठे त्यांना मत विचारलं?"

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "उद्या तूच दाखव. मी खुर्च्या मांडतो," ते गहिवरून म्हणाले. "पण हे सगळं तुला सुचलं कसं गं?"

"मला एका रहस्यकथेचा दुसरा भाग हवा होता. दर वेळी आपलं 'बाहेर गेलाय'. म्हटलं, शोधूनच काढू." माईंनी नाव टाकून कळ दाबली. पडद्यावर एकच ओळ उमटली. सभासद: अण्णा. मुदत संपून अडीच महिने.

अण्णांची नजर सावकाश फाइलीकडे वळली. मग दाराकडे. चिटणीस नव्हते. कोणीच नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा सुटकेचा निःश्वास टाकला.

"पहिल्या भाषेचं सावकाश ठरवा हं," माई हात पुढे करून म्हणाल्या. "तेवढं फाइलीवरचं पुस्तक द्या. खून कोणी केला ते अजून कळलेलं नाही मला."